व्यवहारशून्य म्हणे!

जॉन ऑब्री नावाचा एक इंग्रज गृहस्थ सतराव्या शतकात होऊन गेला. ओळखीपाळखीच्या बऱ्यावाईट माणसांबद्दल खमंग टिपणं लिहून ठेवायची त्याला खोड होती. आजच्या भाषेत सांगायचं तर ब्लॉगरच म्हणा ना. त्याने वेन्सेस्लॉस होलर या चित्रकाराबद्दलही चार ओळी खरडल्या आहेत. त्याचा सारांश असा: माणूस अत्यंत मनमिळाऊ, स्वभावाने सोन्यासारखा, पण जगाच्या व्यवहारात अगदीच अडाणी, मेला तेव्हा गाठीला काही नव्हतं.

झालं. तेव्हापासून होलरवर लिहायला बसलेला जो तो हा शेरा उचलतो. बिच्चारा, गुणी, पण व्यवहारशून्य! वाचणाराही हळहळून मान हलवतो आणि पान उलटतो. मला या एका शेऱ्याशी जाम भांडायचंय. कारण होलरच्या कामाच्या पद्धतीबद्दल जी दुसरी गोष्ट आपल्याला पक्की माहीत आहे, ती या शेऱ्याच्या अगदी उलट्या टोकाची आहे.

ती गोष्ट अशी. होलर तासावर काम करायचा. टेबलावर वाळूचं घड्याळ ठेवलेलं. काम सुरू केलं की घड्याळ उभं. मध्येच कुणी गप्पा मारायला आलं, की हा पठ्ठ्या घड्याळ आडवं करून ठेवायचा, म्हणजे वाळू पडायची थांबली. पाहुणा गेला की घड्याळ पुन्हा उभं आणि काम पुढे चालू. हे त्याला ओळखणाऱ्या फ्रान्सिस प्लेस या तरुण चित्रकाराने सांगून ठेवलंय. गिऱ्हाइकाच्या एका मिनिटाचेही पैसे फुकट घ्यायचे नाहीत, आणि आपलं एक मिनिटही फुकट द्यायचं नाही!

आता मला सांगा, आपल्यापैकी किती जण टाइमशीट इतक्या इमानदारीने भरतात? शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता आठवड्याचे ४० तास अंदाजपंचे दाहोदरसे ठोकून देणाऱ्या जमातीतला मी माणूस. या जमातीने होलरला व्यवहारशून्य म्हणावं म्हणजे कमाल आहे.

बरं, दर काय होता? पुस्तकवाल्यांच्या कामाला तासाला चार पेन्स, असं जुनी चरित्रं सांगतात. प्लेस सांगतो बारा पेन्स, म्हणजे एक शिलिंग. तो होलरच्या उतारवयातला मित्र, तेव्हा पुढे दर वाढला असणार. चार पेन्सचाच हिशोब धरू. दहा तास भरले तर ४० पेन्स, म्हणजे तीन शिलिंग चार पेन्स. त्या काळच्या लंडनमधल्या गवंड्या-सुताराच्या रोजापेक्षा हे कमी नाही. म्हणजे 'दर कमी लावला म्हणून मेला' हीसुद्धा लोणकढीच. दर बेताचा पण बरा होता. गोची दुसरीकडेच होती. तिच्याकडे येतो, पण आधी हा माणूस कोण ते बघू.

चेक लोक त्याला वात्स्लाव होलार म्हणतात. जन्म प्राग, १६०७. वडील तिथल्या जमिनीच्या दफ्तरात अधिकारी (आपल्याकडच्या सातबारा-फेरफारवाल्या खात्यात साहेब, असं समजा), आणि मुलाने वकील व्हावं ही त्यांची इच्छा. ओळखीचं वाटतंय ना? :) मुलाला मात्र नकाशे आणि चित्रं काढायचा नाद. तो १० वर्षांचा असताना प्रागमध्येच तीस वर्षांच्या युद्धाची ठिणगी पडली. १६२० मध्ये प्रागच्या वेशीवर पांढऱ्या डोंगराची लढाई झाली, बोहेमियाच्या बंडखोर सरदारांचा धुव्वा उडाला, आणि १६२७ मध्ये बादशहाचा हुकूम निघाला की प्रोटेस्टंट सरदार-घराण्यांनी कॅथलिक व्हावं, नाहीतर देश सोडावा. त्याच वर्षी विशीतला होलर प्राग सोडून बाहेर पडला.

पुढची दहा वर्षं भटकंतीत गेली. स्टुटगार्ट, स्ट्रासबर्ग, फ्रँकफर्ट, कोलोन. फ्रँकफर्टला माथेउस मेरियनच्या हाताखाली काम केलं. मेरियन म्हणजे शहरांच्या चित्रांचा त्या काळचा सगळ्यात मोठा कारखानदार. १६३५ मध्ये कोलोनला होलरच्या छोट्या छोट्या नगरदृश्यांचं पुस्तक निघालं. आणि १६३६ मध्ये नशीब उघडलं. अरुंडेलचा अर्ल, थॉमस हॉवर्ड, इंग्लंडच्या राजाचा वकील म्हणून बादशहाला भेटायला निघाला होता. चित्रांचा भयंकर शौकीन माणूस. त्याने या पोराला बरोबर घेतलं: वाटेत जे दिसेल ते काढत चल. त्या काळचा ट्रॅव्हल फोटोग्राफरच! या दौऱ्यात नऊ वर्षांनी होलरला प्राग पुन्हा बघायला मिळालं. टेकडीवर बसून त्याने सगळ्या शहराचं चित्र काढून घेतलं. वर्षअखेर तो अर्लबरोबर लंडनला पोचला.

इथे जरा तंत्र सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. होलरचं हत्यार एचिंग. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा पातळ थर द्यायचा. त्यावर सुईने चित्र ओरखडायचं, म्हणजे तेवढ्या जागी तांबं उघडं पडतं. मग पत्रा तेजाबात टाकायचा. तेजाब उघडं तांबं खातं, मेणाखालचं खात नाही. जितका वेळ ठेवाल तितकी रेघ खोल, आणि जितकी खोल तितकी छापल्यावर काळी. मग मेण पुसून शाई भरायची आणि ओल्या कागदावर दाबून काढायची. चित्र उलटं उमटतं, म्हणून पत्र्यावर सगळं शहर आरशात दिसल्यासारखं काढावं लागतं. अनडू नाही. ऑब्री लिहितो की होलरला लांबचं नीट दिसत नसे, आणि त्याचं काम इतकं बारीक की बघायला भिंग लागावं. लांबचं न दिसणाऱ्या माणसाने अख्खी शहरं काढली, हे जरा लक्षात असू द्या.

आता महत्त्वाची गोष्ट. एका पत्र्यावरून शेकड्यांनी प्रती निघतात. म्हणजे काम एकदा, विक्री अनेकदा. सॉफ्टवेअरवाल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. आणि प्रश्नही तोच, आपल्या धंद्यातला सगळ्यात जुना प्रश्न: पत्रा कुणाचा?

लंडनला आल्यावर दुसऱ्याच वर्षी, १६३७ मध्ये, होलरने ग्रिनिचचं एक लांबलचक दृश्य केलं. जवळजवळ यार्डभर लांबीचं. पीटर स्टेंट नावाच्या चित्रविक्याने त्याला त्याचे ३० शिलिंग दिले, असं जुन्या चरित्रांत आहे. ३० शिलिंग म्हणजे ३६० पेन्स, म्हणजे चार पेन्सच्या दराने ९० तास. ९० तासांचे पैसे मिळाले, हिशोब चुकता. पण स्टेंटसारख्या दुकानदाराकडे गेलेला पत्रा ही त्याची इस्टेट. तो त्यावरून हव्या तितक्या प्रती छापणार, कॅटलॉगमध्ये घालणार, विकणार. स्टेंट १६६५ च्या प्लेगमध्ये गेला. त्याचे पत्रे जॉन ओव्हर्टन नावाच्या दुसऱ्या दुकानदाराकडे गेले आणि तोही विकत राहिला. मालक मरतो, पत्रा मरत नाही. चित्रकाराला मात्र ९० तास मिळाले ते मिळाले.

"मग त्याने पत्रे स्वतःकडे ठेवायचे ना! नेगोशिएट करायचं!" हे मला कुणीतरी सांगणारच. आपल्याकडे प्रत्येक प्रश्नावर हे उत्तर तयार असतं. मित्रहो, नेगोशिएट करायला आधी हक्क असावा लागतो. छापील चित्रावर चित्रकाराचा काही हक्क असतो ही गोष्ट इंग्लंडच्या कायद्याने पहिल्यांदा मान्य केली १७३५ मध्ये. होगार्थ वगैरे मंडळींनी संसदेत खटपट केली तेव्हा कुठे १४ वर्षांचा हक्क मिळाला. होलर जाऊन तेव्हा ५८ वर्षं झाली होती. त्याच्या हयातीत उद्या त्याने स्वतः छापलेलं चित्र कुणीही विकत घेऊन, दुसऱ्या पत्र्यावर उतरवून, निम्म्या किमतीत विकायला बसलं असतं, तर हा कुठल्या कायद्याने त्याला अडवणार होता?

आणि तरीही या 'व्यवहारशून्य' माणसाने स्वतःचं प्रॉडक्ट काढायचा प्रयत्न केला होता. १६६० मध्ये त्याने जाहीर केलं की लंडन आणि वेस्टमिन्स्टरचा एक प्रचंड नकाशा करतोय: १० फूट रुंद, ५ फूट उंच, प्रत्येक रस्ता आणि प्रत्येक घर वरून दिसेल तसं. पैसे वर्गणीदारांकडून आगाऊ. आज आपण याला क्राउडफंडिंग म्हणतो आणि स्वतःची पाठ थोपटून घेतो. नकाशाचं काम सुरूही झालं. पाच वर्षांनी प्लेग आला. सहाव्या वर्षी, ज्या शहराचा नकाशा करायचा ते शहरच जळून गेलं. त्या महानकाशाचा आज एकच ताव शिल्लक आहे, ब्रिटिश म्युझियममध्ये. तो बघितला की घशात आवंढा येतो. कोव्हेंट गार्डनचा चौक, नदीकाठचे वाडे, मागच्या बागा, घरांच्या रांगाच्या रांगा, एकेका घराची खिडकी न् खिडकी. असे बाकीचे ताव झाले असते तर काय झालं असतं! याला अपयश म्हणा, खुशाल म्हणा. पण शहर जळून गेल्यामुळे बुडालेल्या धंद्याला 'व्यवहार कळत नव्हता' म्हणणं हा निव्वळ हलकटपणा आहे.

पण मी पुढे पळालो. मधली आठ वर्षं राहिलीच. १६४१ मध्ये होलरने अर्लच्या बायकोच्या तैनातीतल्या एका मुलीशी लग्न केलं. एक मुलगा, एक मुलगी. म्हणजे आता जरा बस्तान बसलं म्हणावं, तर १६४२ मध्ये इंग्लंडात यादवी पेटली. अर्ल देश सोडून गेला तो परत आलाच नाही. आश्रयदाता गेला, गिऱ्हाईक गेलं. १६४४ मध्ये होलरने बायकापोरांसह अँटवर्प गाठलं. दुसऱ्यांदा निर्वासित, वय ३७.

आणि तिथे बसून त्याने आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम केलं. लंडनचं 'लाँग व्ह्यू', १६४७. सहा ताव शेजारी शेजारी लावले की दोन मीटरहून लांब. थेम्सच्या दक्षिण काठावर सदर्कला जे चर्च आहे, त्याच्या मनोऱ्यावरून दिसणारं अख्खं लंडन. आधीच्या लोकांनी अशी दृश्यं चार ठिकाणांहून बघून, थोडं ऐकीव, थोडं ठोकून, एकत्र शिवलेली असायची. होलरचं एकाच जागेवरून. घरांनी गच्च भरलेला लंडन ब्रिज, नदीत होड्यांची गर्दी, मधोमध सेंट पॉल्स, आणि अलीकडच्या काठावर नाटकाचं गोल थिएटर, ग्लोब. शेक्सपिअरच्या कंपनीचं.

आता गंमत बघा. हे सगळं त्याने जुन्या स्केचेसवरून केलं, समुद्रापलीकडे बसून, परत जाऊन एकदा खात्री करून घ्यायची सोय नसताना. प्रागचंही तसंच: टेकडीवर बसून १६३६ मध्ये काढलेलं चित्र त्याने १६४९ मध्ये अँटवर्पमध्ये तांब्यावर उतरवलं. एक शहर १३ वर्षं बासनात बांधून घेऊन फिरत होता हा माणूस. शहर सोडून जावं लागणार हे ज्याला एकदा कळलंय तो शहराकडे वेगळ्याच नजरेने बघतो, असं मला वाटतं. आपण पुण्यात २५ वर्षं राहून लक्ष्मी रोडवरच्या इमारतींना किती मजले आहेत ते सांगू शकत नाही. न्यू जर्सीला गेलेल्या मित्राला विचारा, तो दुकानांची रांग क्रमाने म्हणून दाखवेल.

या दूर बसण्याची एक खूण 'लाँग व्ह्यू'वर राहिली. ग्लोब आणि शेजारचं अस्वलांच्या झुंजींचं रिंगण यांची नावं उलटसुलट पडली. ग्लोबच्या इमारतीवर रिंगणाचं नाव, रिंगणावर ग्लोबचं. कोड बरोबर, कॉमेंट चुकीची! कित्येक पिढ्यांनी कॉमेंट वाचून भलत्याच इमारतीला शेक्सपिअरचं थिएटर मानलं. पण इमारती मात्र चोख बसवलेल्या होत्या. होलरचं त्या भागाचं मूळ पेन्सिलचं स्केच आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. जॉन ऑरेल नावाच्या अभ्यासकाने त्या स्केचवरून भूमिती मांडून ग्लोबचा व्यास काढला: १०० फुटांच्या आसपास. १९८९ मध्ये ग्लोबच्या पायाचा एक तुकडा जमिनीत सापडला. १९९७ मध्ये लंडनला जे नवं ग्लोब उघडलं, जिथे आपले लोक जाऊन फोटो काढतात, ते उभारताना होलरचं हे स्केच समोर होतं. हातभर कागदावरचं चित्र, आणि साडेतीनशे वर्षांनी कुणी त्यावरून इमारतीचं माप काढतोय!

आणि इथे मला दुसऱ्या आरोपाकडे वळायचंय, जो व्यवहारशून्यतेपेक्षाही माझ्या डोक्यात जातो. आरोप असा की होलर ग्रेट कारागीर, पण कलावंत नव्हे. त्याने काय, दिसलं ते उतरवलं. नुसती नोंद. कलेच्या इतिहासाच्या जाडजूड पुस्तकांत रेम्ब्राँटला प्रकरणं आणि होलरला तळटीप, ती याच हिशोबाने.

रेम्ब्राँटशी तुलना मुद्दाम करतो. तो होलरपेक्षा एका वर्षाने मोठा, तोही एचिंग करायचा, आणि १६५६ मध्ये त्याने चक्क दिवाळं काढलं. घर, संग्रह, सगळं लिलावात गेलं. पण रेम्ब्राँट कंगाल झाला की ती प्रतिभावंताची शोकांतिका, आणि होलर कंगाल मेला की तो व्यवहारशून्य! एकच गोष्ट, दोन शब्द. कुणाला कुठला शब्द द्यायचा हे आधी ठरलेलं असतं: ज्याला आपण 'डोकं' मानतो त्याला एक, ज्याला 'हात' मानतो त्याला दुसरा. आपल्या ऑफिसात 'रिसोर्स' म्हणतात तो हाच हात. चार रिसोर्सेस टाका, दोन रिसोर्सेस काढा. एकदा माणसाला हात ठरवलं की तासाचे पैसे देऊन मोकळं होता येतं. 'नुसती नोंद' ही मला कलासमीक्षा वाटतच नाही, ती दरपत्रकातली ओळ वाटते.

आणि नोंद 'नुसती' असते? १६५२ मध्ये होलर लंडनला परतला. विल्यम डगडेल नावाचा इतिहासकार जुने मठ, चर्चेस, थडगी यांचे ग्रंथ काढत होता. यादवीत या सगळ्याची धूळधाण चालली होती. चित्रं होलरची. १६५८ मध्ये सेंट पॉल्स कॅथीड्रलचा इतिहास निघाला. तेव्हा कॅथीड्रलची अवस्था दयनीय होती. उंच टोकदार मनोरा १५६१ मध्येच वीज पडून जळालेला, आणि यादवीच्या काळात आत घोडदळाची पागा झालेली. या ग्रंथात बहुतेक चित्रांखाली ज्याने पैसे दिले त्या दात्याचं नाव आणि कुलचिन्ह आहे. प्रायोजकांचे लोगो! पण एका चित्राखाली कुणा सरदाराचं नाव नाही, होलरचं स्वतःचं आहे. लॅटिनमध्ये. आशय असा: हे चर्च कधी कोसळेल याची रोज वाट बघितली जात असताना, त्याचं चित्र काढणाऱ्या आणि त्यावर पूर्वीपासून जीव असलेल्या बोहेमियाच्या होलरने त्याची आठवण अशी जपून ठेवली.

बोहेमियाच्या. तीस वर्षं झाली होती घर सोडून. लोक नाव बदलतात, 'श्रीकांत'चा 'श्री' आणि 'श्री'चा 'स्टीव्ह' होतो. हा आपल्या चित्रांवर वेन्सेस्लॉस होलर, बोहेमियाचा, प्रागचा, असं कोरत राहिला. आणि हाताला 'मी काय करतोय, कशासाठी करतोय' हे इतकं स्वच्छ कळत असतं का?

आठ वर्षांनी त्याची भीती खरी ठरली. सप्टेंबर १६६६. चार-पाच दिवसांत १३,२०० घरं, ८७ चर्चेस आणि सेंट पॉल्स खलास. त्याआधीच्या वर्षी प्लेगमध्ये होलरचा मुलगा गेला होता. तोही छान चित्रं काढायचा, असं ऑब्रीच सांगतो. आग विझून आठवडा व्हायच्या आत, १० सप्टेंबरला, राजाने शहराची मोजणी आणि चित्र करायचा हुकूम दिला. कुणाला? होलरला, जोडीला फ्रान्सिस सँडफर्ड. मग होलर पुन्हा त्याच सदर्कच्या मनोऱ्यावर चढला. एकाच कागदावर वर-खाली दोन पट्ट्या: वर आगीआधीचं लंडन, खाली आगीनंतरचं. तीच नदी, तेच वळण, आणि खालच्या पट्टीत छप्पर उडालेल्या भिंतीच भिंती. त्याने एक नकाशाही केला. त्यात जळालेला भाग कोरा सोडलाय. बाजूला घरांची दाट गर्दी, आणि मधोमध पांढरा डाग. एवढं बोलकं कोरं मी फार कमी ठिकाणी पाहिलंय.

त्याच दिवसांत लंडनच्या रस्त्यांवर जमाव परदेशी लोकांना शोधून मारत होते. फ्रेंच असो, डच असो, आग यांनीच लावली अशी आवई. रॉबर्ट ह्युबर्ट नावाच्या डोक्याने अधू असलेल्या फ्रेंच घड्याळजीने 'मीच लावली' म्हणून कबुली दिली आणि ऑक्टोबरमध्ये त्याला फाशी दिलं. आग लागली त्यानंतर दोन दिवसांनी तो लंडनला पोचला होता, हे मागाहून कळलं! पुढे आगीच्या स्मारकस्तंभावर कॅथलिकांना दोष देणारी ओळ १६८१ मध्ये कोरली गेली, ती कायमची पुसायला १८३० उजाडलं. जळून गेलेलं लंडन कसं दिसत होतं याचा सर्वात भरवशाचा पुरावा एका परदेश्याच्या हातचा होता, आणि त्याच आठवड्यात ते शहर परदेशी माणूस दिसला की दगड उचलत होतं. यावरून 'बघा, परदेशी लोक किती उपयोगी असतात' वगैरे बोध काढायचा मला अजिबात मोह नाही. ह्युबर्टने एकही चित्र काढलेलं नव्हतं, आणि तरी त्याला फाशी देणं तितकंच चूक होतं.

राजाने होलरला हुद्दा दिला, शाही दृश्यकार. आणि १६६९ मध्ये त्याला पाठवलं टँजिअरला, आफ्रिकेच्या किनाऱ्यावर. आता हे आपल्याशी जोडलेलं आहे. दुसऱ्या चार्ल्सला पोर्तुगालच्या राजकन्येबरोबर आंदण म्हणून जी गावं मिळाली त्यात दोन मोठी नावं होती: टँजिअर आणि मुंबई. करार १६६१ चा. मुंबईचं काय करायचं हे न कळून राजाने १६६८ मध्ये ती कंपनीला देऊन टाकली, वर्षाला १० पौंड भाड्याने. टँजिअरवर मात्र पाण्यासारखा पैसा ओतला. तिथली तटबंदी, बंदर, टेकड्या हे सगळं होलरने टिपून आणलं, १०० पौंड मिळाले. येताना त्याच्या जहाजावर अल्जिअर्सच्या चाच्यांनी हल्ला केला, तोफा झडल्या, जहाज कसंबसं निसटलं. यानेही काय करावं? त्या लढाईचंही एचिंग केलं! टँजिअर इंग्रजांनी १६८४ मध्ये सोडून दिलं. आंदणातल्या ज्या गावाला पुढे काही किंमत उरली नाही त्याची होलरच्या हातची चित्रं आहेत, आणि ज्याची मुंबई झाली त्या सात बेटांकडे होलर कधी फिरकला नाही. माझ्यासारख्या मुंबईकराला हे जन्मभर सलणार.

२५ मार्च १६७७ ला होलर वारला. २,७०० च्या आसपास एचिंग्ज मागे ठेवून. तो मरणाच्या दारात असताना घरात बेलिफ आले होते, जप्तीला. त्याने त्यांना सांगितलं म्हणे की माझा जीव जाईपर्यंत तेवढा पलंग राहू द्या. ७० व्या वर्षी, शहराची २,७०० चित्रं काढलेला... चुकलो, सगळी शहराची नव्हेत. मफलरीसारखे फरचे हातमोजे, शिंपले, फुलपाखरं, बायकांचे पोशाख, सगळंच त्यात आहे. त्या फरच्या हातमोज्यांवर तर वेगळा लेख लिहावा लागेल, तांब्यावर केसाळपणा कसा आणला असेल देव जाणे. असो.

आता ऑब्रीकडे परत. होलरला व्यवहारशून्य म्हणणारा हा ऑब्री कोण? वडिलोपार्जित जमिनी कोर्टकज्जे आणि कर्जात घालवून १६७१ पर्यंत पुरता बुडालेला जमीनदार. पुढचं आयुष्य धनको आणि बेलिफ चुकवत, मित्रांच्या घरी पाहुणा म्हणून राहत काढलं. त्याच्या हातातून निदान इस्टेट निसटली. होलरच्या हातात ती कधी आलीच नव्हती. वाळूचं घड्याळ तेवढं होतं, ते त्याने बिनचूक चालवलं.

पत्रे मात्र कामावर होते. डगडेलच्या सेंट पॉल्सची दुसरी आवृत्ती १७१६ मध्ये निघाली. मूळ इमारत जळून ५० वर्षं, होलर जाऊन ३९ वर्षं, आणि आत चित्रं होलरचीच.

ज्यांना बघायचंय त्यांच्यासाठी: टोरांटो विद्यापीठाच्या फिशर ग्रंथालयाने होलरचा त्यांच्याकडचा मोठा संग्रह स्कॅन करून सगळ्यांसाठी खुला ठेवलाय. 'लाँग व्ह्यू' मोठं करून बघा. डावीकडून सुरुवात करा, घाई करू नका. थेम्सच्या अलीकडच्या काठावर दोन गोल इमारती दिसतील. नावं वाचू नका.